तारखेची जागा

नर्मदाबाईंच्या डोक्याला कावळा शिवला तो एप्रिलमधला शनिवार होता, साल शहाऐंशी. धुळ्यातल्या घराच्या गच्चीवर त्या कुरडया वाळत घालत होत्या, आणि त्या मेल्या कावळ्याला अख्ख्या गल्लीत दुसरं डोकं सापडलं नाही. पदरावर पाय टेकवून तो उडून गेला. बाई ताट तसंच टाकून खाली आल्या आणि मुलासमोर उभ्या राहिल्या.

"भाईदास, माले कावळा शिवना," त्या म्हणाल्या. "छगनले निरोप धाड. नर्मदा मरी गयी म्हनी सांग."

छगन म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. सोनगीरला राहायचा, हायवेपासून दहा-पंधरा मिनिटं चालत, किल्ल्याच्या अंगाला. आता ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांना सांगायला हवं. कावळा शिवला म्हणजे मरण जवळ आलं, आणि त्याला उतारा एकच. ज्याला शिवला तो मेल्याची खोटी खबर जवळच्या माणसाला पाठवायची. तो रडला, की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते परत फिरतं. मग पाठोपाठ, ज्याने खबर धाडली त्यानेच जाऊन आपल्या तोंडाने सांगायचं, की खोटं होतं, माणूस जिवंत आहे. असे दोन निरोप. पहिल्यामागे दुसरा गेला नाही, तर पहिला तसाच उभा राहतो.

साधी गोष्ट होती. कुणीही एसटीत बसून केली असती. पण भाईदासला कुठलीही गोष्ट साधी ठेवायची नव्हती, हेच तर दुखणं. तो शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी बडोद्याला छापचित्रांच्या शिबिराला जाऊन आला होता आणि येताना 'कन्सेप्च्युअल' हा शब्द घेऊन आला होता. तेव्हापासून स्टाफरूममध्ये ऐकायची सोय नाही. चित्रात काय दिसतं याला किंमत नाही, कल्पनेला आहे. उद्याचा कलावंत झाडं-डोंगर छापणार नाही, वाक्यं छापेल. बाकीचे मास्तर म्हणायचे, सर, चहा गार होतोय. बंद पडलेल्या एका छापखान्यातला जुना हातप्रेस त्याने उचलून आणला होता. मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी तो ठेवलेला होता.

"तोंडी कशाला?" भाईदास आईला म्हणाला. "छापून पाठवतो."

सागाची घासलेली फळी तयार होतीच. तो दिवसभर खाली मान घालून कोरत बसला. अक्षरं उलटी, एकेक वेलांटी जपून. आणि मानलं पाहिजे, हात चांगला होता त्याचा. रविवारी सकाळी पहिला कागद प्रेसमधून निघाला. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमच्या मातोश्री नर्मदाबाई यांचे दि.', मग चार बोटं कोरा कागद, आणि पुढे 'रोजी निधन झाले.' खाली त्याने पेन्सिलीने १/१० असं लिहिलं आणि सही ठोकली. म्हणजे दहा प्रतींतली पहिली.

त्याची बायको प्रमिला दारात उभी होती. तिने वाचलं. "तारीख राहिली," ती म्हणाली.

"राहिली नाही, ठेवली. तीच तर कल्पना आहे. वाक्य आज खोटं आहे. पण ते हलणार नाही, काळ हलेल. एक दिवस काळ त्या रिकाम्या जागेत येऊन बसेल आणि वाक्य खरं होईल. मी एक अक्षरही न बदलता."

"तुम्ही तुमच्या आईबद्दल बोलताय," प्रमिला म्हणाली, आणि आत गेली.

शाळेचा शिपाई तोताराम कागद घेऊन नऊच्या एसटीने सोनगीरला गेला. भाईदासने एकच्या गाडीने मागून जायचं आणि खरं सांगायचं, असं ठरलं होतं. पण शाई त्या दिवशी अशी बसली होती म्हणता, की कुणालाही मोह व्हावा. दुसरी प्रत काढली, तिसरी काढली. दहावी दोरीवर लटकवली तेव्हा तीन वाजले होते. चारची गाडी मिळाली.

सोनगीरला दार उघडं आणि घरात फक्त मामी, रुक्माबाई. डोळे सुजलेले. भाईदासला बघून ती पुन्हा रडायला लागली. मामा कुठाय, तर मामा केव्हाच गेला. कागद वाचून घेतला, ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडला, मग उठला, बाजारात जाऊन बहिणीसाठी लुगडं घेतलं आणि हायवेवर एका ट्रकला हात केला. बाई मेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, ते न्यायला उशीर व्हायला नको म्हणून तो कुणासाठी थांबला नव्हता. भाईदास आल्या पावली हायवेकडे पळाला. मामीला त्याने काहीच सांगितलं नाही. घाईत राहून गेलं, असं तो पुढे स्वतःला सांगत असे.

इकडे धुळ्यात नर्मदाबाई ओट्यावर बसून बाजरी निवडत होत्या. छगन गल्लीच्या तोंडाशी आला तो रडतच, काखेत लुगड्याची गुंडाळी. बहीण दिसली आणि पाय तिथेच थांबले.

"अक्का," तो म्हणाला, "तू जित्ती शे?"

"तुले कोनी सांगं नही?" नर्मदाबाई म्हणाल्या, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं.

छगन ओट्यावर बसला आणि पुन्हा रडला. भाईदास दिवेलागणीला घरी पोचला तेव्हा मामा भिंतीला टेकून बसला होता. ते लुगडं ना दुकानात परत जाणार, ना कुणी नेसणार, ना परत सोनगीरला नेता येणार. आईने ते उचलून आपल्या ट्रंकेत घातलं होतं आणि ती चहा टाकायला आत गेली होती. मामाने बंडीच्या खिशातून कागद काढला. मरणाचं पत्र घरात ठेवायचं नसतं, वाचलं की फाडायचं असतं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. मामाने कागदाची दोन टोकं दोन्ही हातांत धरली.

"मामा, फाडू नका," भाईदास म्हणाला. "त्याच्यावर माझी सही आहे. दहातली पहिली प्रत आहे ती. जपून ठेवा."

छगनने भाच्याकडे बघितलं. शिकलेला भाचा, मास्तर. "छापेल कागद फाडाना नही का?" त्याने विचारलं. भाईदासने मान हलवली. मामाने कागदाची घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवली. खोटं होतं, माझी आई जिवंत आहे, हे तेवढं वाक्य भाईदासने तेव्हाही उच्चारलं नाही. कशाला उच्चारायचं? समोर आई चहा घेऊन येतच होती.

मामा गेल्यावर नर्मदाबाईंनी विचारलं, "त्यानी कागद फाडा का रे?"

"फाडला," भाईदास म्हणाला.

त्या वर्षीच्या डिसेंबरात जळगावच्या एका हॉलमध्ये उरलेल्या नऊ प्रती एका ओळीत टांगल्या गेल्या. प्रदर्शनाचं नाव 'तारखेची जागा'. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी भाषणात सांगितलं की भाषा आणि काळ यांची अशी गाठ खानदेशात प्रथमच कुणी मारली आहे. भाईदास आठवडाभर जमिनीवर नव्हता. छापचित्राच्या धंद्यात एक नियम असतो, प्रती पूर्ण झाल्या की फळीवर आडवी चीर मारायची, म्हणजे पुन्हा कुणी छापू नये. कुणीतरी विचारलं, चीर मारलीत का? भाईदास म्हणाला, नाही, ही फळी अजून वाट बघते आहे. टाळ्या पडल्या. घरी येताना एसटीच्या खिडकीशी बसल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं.

आईला फळीचं माहीत होतं. दिवाळीला, संक्रांतीला, केव्हाही, भाकरी थापता थापता ती म्हणायची, "ती पाटी फोडी टाक रे." तो हो म्हणायचा. फळी कोठीमागेच राहिली.

अठ्ठ्याऐंशीच्या पौषात छगन शेतात बसल्या जागी गेला. वय त्रेपन्न. अंगावरून काढलेली बंडी मामीने झटकली तेव्हा खिशातून कागद पडला, घड्यांवर विरून कापडासारखा मऊ झालेला. त्याने तो खरंच जपला होता. नर्मदाबाईंना वाचता येत नव्हतं, पण मधली कोरी जागा आणि खालची पेन्सिलीची सही त्यांनी ओळखली असावी, कारण कागद त्यांनी मामीच्या हातातून घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"हाऊ कसाना कागद शे?" त्यांनी भाईदासला विचारलं.

"सोसायटीचा असेल काहीतरी," भाईदास म्हणाला.

 कागद पदराखाली गेला, आणि धुळ्याला आल्यावर ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत. भाईदासने ते दाराआडून पाहिलं.

तिथून त्याचं बिनसलं. आईसाठी काढलेलं रडू मामावर उलटलं, न फाडलेल्या कागदाने मामाला नेलं, आणि फाडू नको म्हणणारा मी, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. सांगायचं कुणाला? आईला? तिने एकच विचारलं असतं, की मग फाडला म्हणून का सांगितलंस.

आधी फळ्यावर कळलं. वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात तो 'दिनांक' लिहायचा आणि पुढची जागा तशीच राहायची. पोरं हसायला लागली तेव्हा तो वळून बघायचा, तर खरंच कोरी. हजेरीच्या मस्टरवर सही व्हायची, तारीख नाही. हेडमास्तरांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा मेमो दिला, आणि मेमोच्या पोचपावतीवरही त्याने तारीख घातली नाही. हेडमास्तरांना वाटलं, मुद्दाम करतोय.

मग प्रेसवर. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी त्याने एक मोर कोरला. छापला तर मोराच्या पोटात चार बोटं रुंदीची फिकट पट्टी, तिथे शाईच धरेना. त्याने कागदाखालचं पॅकिंग बदललं, रूळ धुतला, नवी शाई आणली. जुन्या फळीच्या दाबाने कुठे खळगा पडला असेल म्हणून प्रेसचा पाट रंधा मारून घेतला. पुन्हा छापलं. पट्टी होती तिथेच होती. त्यानंतर त्याने प्रेसवर गोणपाट टाकलं ते टाकलंच. गोणपाटाखाली काहीतरी वाट बघतंय असं त्याला भरदिवसा वाटायचं, आणि गहू काढायला प्रमिला मागच्या खोलीत गेली की ती बाहेर येईपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये नर्मदाबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, आता त्यांना हवं ते द्या. त्यांना फार काही नको होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी भाईदासला जवळ बसवलं.

"छगनना कागद," त्या म्हणाल्या. "तू सांगेल व्हतं का त्याले, फाडू नको म्हनी?"

सात वर्षं तो या प्रश्नाला भीत होता. आणि विचारला गेला तेव्हा आश्चर्य म्हणजे त्याला हलकं वाटलं. "हो," तो म्हणाला. "मीच सांगितलं. तुला फाडला म्हणून खोटं सांगितलं. आई, मामा माझ्यामुळे गेला."

"छगन काय कागदवरी मरना?" त्या म्हणाल्या, जरा चिडूनच. "त्याना टाईम भरना व्हता. आन् माले ठाऊक व्हतं. भाऊबीजले त्यानीच माले सांगं."



"मंग मामा गेला तेव्हा का विचारलंस, कसला कागद म्हणून?" त्याने विचारलं. आईशी बोलताना त्याची भाषा अशीच मधेच शाळेतून घरी यायची.

"तू सांगशी म्हनीसन." त्या थांबल्या, दम घेतला. "खोटं ज्यानी धाडं, त्यानीच खरं सांगाले जोयजे. तू कोनलेच सांगं नही. ना छगनले, ना रुक्माले. सात वरीस व्हई गयात, त्या घरमा मी मरेलच शे. जाय. सोनगीरले जाय, त्या दारमा उभा ऱ्हाय आन् सांग, मन्ही माय जित्ती शे. माले नीट मरू दे, भाऊ."

एवढंच मागत होती बाई. आपलं मरण एकदा खोटं वापरलं गेलं होतं, ते परत हवं होतं तिला. भाईदासने तोंडावर पाणी मारलं आणि साडेदहाची शिरपूर गाडी पकडली.

गाडी वेळेवर होती. सव्वाअकराला तो सोनगीरच्या फाट्यावर उतरला. सरळ चालत गेला असता तर साडेअकराच्या आत दारात. पण फाट्यावर चहाची टपरी होती आणि टपरीला बाकडं होतं. भाईदास बाकड्यावर बसला. काय बोलायचं? मामीला काय वाटेल? सात वर्षांनी येऊन सांगतोय, की ती खबर खोटी होती. वेड लागलं म्हणेल. त्याने वाक्य मनात जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. एक चहा घेतला. दुसरा घेतला. दोन बश्या फुंकून प्यायला लागतो तेवढा वेळ आणि वर थोडा. मग उठला.

मामी ओसरीवर शेंगा फोडत होती. तो पायरीखाली उभा राहिला, चप्पल काढली, आणि फळ्यासमोर धडा म्हणणाऱ्या मुलासारखं एका दमात म्हणाला, "मामी, शहाऐंशी साली मी धाडेल खबर खोटी व्हती. मन्ही माय जित्ती शे."

रुक्माबाईने शेंगा खाली ठेवल्या. ती हसली नाही. "सात वरीस लागनात तुले," ती म्हणाली. मग उठून आत गेली, पिशवीत थोडं तूप आणि शेंगदाण्याचे लाडू घातले. "चाल. जित्ती शे तं भेटी येऊत." आतल्या भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

परतीच्या गाडीत भाईदास सात वर्षांत पहिल्यांदा निवांत झोपला, खिडकीला डोकं टेकवून, मामीच्या शेजारी. तिकिटावर पंच केलेली तारीख त्याने वाचली होती आणि ती त्याला नीट दिसली होती.

गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. त्यांनी वाट दिली. प्रमिला दारातच होती.

"तुम्ही गेल्यावर त्यांनी विचारलं, गाडी सोनगीरला केव्हा पोचते," ती म्हणाली. "मी सांगितलं, साडेअकरापर्यंत ते मामींच्या दारात असतील. घड्याळ समोर ठेवायला सांगितलं. काटा कुठे आला म्हणून विचारत राहिल्या. साडेअकरा झाले म्हटल्यावर म्हणाल्या, 'सांगं त्यानी.' अगदी समाधानाने म्हणाल्या. आणि डोळे मिटले."

रुक्माबाईने पिशवी खाली ठेवली. तिने भाईदासकडे बघितलं. साडेअकराला तो कुठे होता हे तिला माहीत नव्हतं, पण आपल्या दारात नव्हता हे माहीत होतं, आणि तो दारात उभा राहून काय म्हणाला होता तेही. त्या घरात त्याने दोनदा खबर दिली होती. पहिल्या वेळी माय जिवंत होती आणि तो मेली म्हणाला. दुसऱ्या वेळी माय गेली होती आणि तो जिवंत म्हणाला. मधे होते दोन कप चहा.

 ट्रंक उघडून मामीने लुगडं काढलं. छगनने आणलेलं, घडीवर पिवळसर पडलेलं. झटकलं तेव्हा कागद खाली पडला. तिने तो उचलून भाईदासच्या हातात दिला. "तुना शे," ती म्हणाली.

भाईदास मागच्या खोलीत गेला. खिशातली पेन्सिल काढली.  कोऱ्या जागेत त्याने तारीख लिहिली, दिवस, महिना, साल. एक अक्षरही न बदलता वाक्य खरं झालं. मग त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचलं, आपल्या आईच्या मरणाचं पत्र वाचावं तसं. आणि रडला. मग उठून अंगणात आला, कागदाची दोन टोकं धरली आणि फाडला.

कोठीमागची फळी त्याने बाहेर काढली, पटाशी घेतली आणि तिच्यावर आडवी चीर मारली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाहेर माणसं ताटकळली होती. प्रमिलाने हाक मारली, आणि तो आईला उचलायला गेला.